ग्रीस, रोम आणि परीक्षार्थी

ज्या दोन प्राचीन राष्ट्रांच्या विद्येवर इंग्लंडांतील मुलांनीं पिढ्यान्‌पिढ्या परीक्षा दिल्या, त्या ग्रीक आणि रोमन लोकांना स्वतःला मात्र आजच्या अर्थानें शालेय परीक्षा ठाऊक नव्हती. अथेन्समधील मुलगा शाळा संपवून बाहेर पडे तेव्हां त्याच्या हातीं कोणतेंहि प्रमाणपत्र नसे; रोममध्यें एका घरच्या आईनें दुसऱ्या घरच्या मुलाचे गुण विचारल्याचा दाखला नाहीं. मुलगा शिकला कीं नाहीं हें पुढें सभेंत, न्यायालयांत आणि मेजवानीच्या पंगतींत कळून येई. जो बोलतांना अडखळला त्याचा निकाल तेथल्या तेथें लागे.

म्हणून त्यांच्या शाळा सोप्या होत्या असें मात्र कोणीं समजूं नये. मुलाबरोबर एक गुलाम शाळेंत जाई, त्याचें दप्तर संभाळी आणि त्याच्या वर्तनावर लक्ष ठेवी. मेण लावलेल्या लांकडी पाटीवर टोंकदार सळईनें अक्षरें कोरावयाचीं आणि चुकलें कीं सळईच्या चपट्या टोंकानें मेण सारखें करावयाचें, ही त्यांची लेखनाची रीति. अक्षरें झालीं कीं होमर. झेनोफनच्या 'सिंपोझियम' या ग्रंथांत निकेरातस नांवाचा एक गृहस्थ आहे. आपला मुलगा चांगला मनुष्य व्हावा म्हणून त्याच्या वडिलांनीं त्याच्याकडून 'इलियड' आणि 'ओडिसी' हीं दोन्ही महाकाव्यें अथपासून इतिपर्यंत पाठ करून घेतलीं होतीं. दोहोंच्या मिळून सुमारें २८ हजार ओळी होतात. युरोपांतील विद्वान् हा मजकूर मोठ्या आश्चर्यानें सांगतात; परंतु ज्या देशांत दशग्रंथी वैदिक होऊन गेले, तेथील मनुष्याला त्यांत आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. इजिप्तच्या कोरड्या वाळूंत ग्रीक मुलांच्या सरावाचे पपायरसाचे तुकडे पुष्कळ सांपडले आहेत. त्यांवर होमरच्या ओळी आहेत, शब्दांच्या याद्या आहेत, आणि दोन हजार वर्षांपूर्वींच्या लेखनांतल्या चुकाहि आहेत.

रोमन शाळामास्तरांपैकीं एकाचें नांव छडीमुळें अमर झालें. हा ऑर्बिलियस. कवि होरेस हा लहानपणीं त्याच्या हाताखालीं शिकला आणि मोठेपणीं त्यानें गुरूला फटके मारणारा असें विशेषण देऊन ठेविलें. पण सुएटोनियसनें ऑर्बिलियसची जी हकीकत दिली आहे ती वाचली म्हणजे त्या म्हाताऱ्याविषयीं कळवळा येतो. सिसेरो कॉन्सल होता त्या वर्षीं, म्हणजे ख्रिस्तपूर्व ६३ मध्यें, वयाच्या पन्नाशींत हा रोमला आला. नांव मोठें झालें, पैसा मात्र मिळाला नाहीं. उतारवयांत आपण छपराखालच्या खोलींत राहतों असें त्यानेंच लिहून ठेविलें, आणि आईबापांच्या हयगयीमुळें वा हांवेमुळें शिक्षकांना काय काय सोसावें लागतें यावर एक स्वतंत्र पुस्तकहि लिहिलें. तें पुस्तक आज उपलब्ध नाहीं. तें राहिलें असतें तर पुढच्या प्रत्येक शतकांत त्याची नवी आवृत्ति सहज खपली असती.

शिक्षकाच्या पगाराचा विषय निघालाच आहे तर बादशहा डायोक्लेशियनचा इसवी सन ३०१ चा भावांचा हुकूमहि पाहण्यासारखा आहे. धान्यापासून केशकर्तनापर्यंत प्रत्येक गोष्टीचा जास्तींत जास्त दर त्यांत ठरवून दिला होता. अक्षरें शिकविणाऱ्या पंतोजीला दर मुलामागें महिना ५० दिनार, हिशेब शिकविणाऱ्याला ७५, व्याकरण व काव्य शिकविणाऱ्याला २०० आणि वक्तृत्वाच्या आचार्याला २५०. केस कापण्याचा दर २ दिनार होता. तेव्हां एक मुलगा महिनाभर शिकवून पंतोजीला पंचवीस हजामतींचे पैसे मिळत. फटके न मारतां चढाओढीनें शिकवितां येतें हें दाखविणारा एक शिक्षकहि रोममध्यें होऊन गेला. व्हेरियस फ्लाकस हा आपल्या विद्यार्थ्यांना एकच विषय देऊन लिहावयास बसवी आणि ज्याचें लिखाण उत्तम त्याला एखादें जुनें, सुंदर किंवा दुर्मिळ पुस्तक बक्षीस देई. सम्राट् ऑगस्टसनें आपल्या नातवंडांसाठीं त्याला वर्षाला एक लाख सेस्टर्स देऊन नेमून घेतलें. शालेय परीक्षेचा पूर्वज रोममध्यें शोधावयाचाच झाला तर तो येथें सांपडतो, आणि त्यांत नापास होण्याची सोय नव्हती.

या लोकांच्या भाषा पुढें परीक्षेचा विषय कशा झाल्या, हें कळण्यासाठीं इंग्लंडकडे वळावें लागतें. तेथील जुन्या 'ग्रामर स्कूल'च्या नांवांतलें ग्रामर म्हणजे लॅटिनचें व्याकरण. १६व्या शतकांत राजा आठवा हेन्री यानें विल्यम लिली याच्या नांवें चालणारें व्याकरण सर्व शाळांना लावून दिलें, आणि शेक्सपियरच्या पिढीचीं मुलें त्याच्यावर वाढलीं. धर्मादाय देणग्यांवर चालणाऱ्या या शाळांचा हेतु इतका बंदिस्त समजला जाई कीं, लीड्स येथील शाळेच्या चालकांनीं फ्रेंच, जर्मन आणि गणित शिकविण्याचा विचार केला तेव्हां प्रकरण न्यायालयांत गेलें. १८०५ सालीं लॉर्ड एल्डननें निकाल दिला कीं, देणगीचा पैसा शास्त्रीय भाषांच्या शिक्षणासाठींच खर्च झाला पाहिजे. लीड्स हें व्यापाऱ्यांचें आणि गिरण्यांचें गांव. तेथील मुलांना पत्रव्यवहारासाठीं जिवंत भाषा हव्या होत्या. हा कायदेशीर अडसर दूर होण्यास १८४० चा कायदा यावा लागला.

त्या काळचें शिक्षण म्हणजे विभक्ति, धातूंचीं रूपें, उताऱ्यांचें भाषांतर आणि लॅटिन-ग्रीक पद्यरचना. मुलगा व्हर्जिलच्या वृत्तांत ओळी जुळवी. परंतु रोमन लोक पाणी कोठून आणीत, गुलामांना कसें वागवीत, बायकांना मालमत्ता ठेवतां येई कीं नाहीं, हे प्रश्न त्याला कोणी विचारीत नसे. १८६६ सालीं बेंजामिन केनेडी या नामांकित मुख्याध्यापकानें नऊ प्रमुख शाळांकरितां लॅटिनचें पहिलें पुस्तक तयार केलें. त्याची सुधारलेली आवृत्ति १८८८ सालीं निघाली, आणि ती आजहि विकत मिळते. मुखपृष्ठावर नांव केनेडीचें असलें तरी तिच्या लेखनाचा मोठा भाग त्याच्या दोन मुली, मॅरियन आणि ज्युलिया, यांनीं केला होता, हें पुढें शंभर वर्षांनीं संशोधकांनीं उघड केलें. ज्या काळांत केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नव्हतें, त्या काळांत इंग्लंडांतील सर्व मुलगे दोन स्त्रियांनीं लिहिलेलें व्याकरण घोकीत होते, आणि त्यांना याचा पत्ता नव्हता. मुलांनीं मात्र आपला सूड घेतला. लॅटिनच्या लहान पुस्तकाच्या इंग्रजी नांवांत कांहीं अक्षरें घुसवून तें 'बिस्किटें खाण्याचें पहिलें पुस्तक' करण्याची चाल शाळाशाळांतून पडली.

या घोकंपट्टीचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे विन्स्टन चर्चिल. पहिल्याच शाळेंत सात वर्षांच्या चर्चिलच्या हातीं 'मेज' या शब्दाचीं लॅटिन रूपें देण्यांत आलीं. संबोधनाचें रूप कशासाठीं, असें त्यानें विचारलें. मेजाला हांक मारावयाची असेल तर, असें उत्तर मिळालें. आपण कधीं मेजाला हांक मारीत नाहीं, असें तो म्हणाला आणि उद्धटपणाबद्दल शिक्षेची तंबी घेऊन बसला. आपल्याकडील मुलांनीं रूपावलीमध्यें 'हे वन' म्हणतांना हा प्रश्न विचारला नाहीं; कदाचित् अरण्याला हांक मारणारे नायक-नायिका त्यांना पुढें काव्यांत भेटणार होते म्हणून असेल. १८८८ सालीं हॅरो शाळेच्या प्रवेशपरीक्षेंत चर्चिलनें लॅटिनच्या कागदावर आपलें नांव लिहिलें, पहिल्या प्रश्नाचा आंकडा टाकला, बऱ्याच विचारानंतर त्याला कंस केला, आणि वेळ संपेपर्यंत त्यांत शाईच्या एका डागाची भर पडली. हें त्यानेंच १९३० सालच्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. हेडमास्तर वेल्डन यांनीं तरीहि त्याला शाळेंत घेतलें. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलच्या मुलाऐवजीं एखाद्या सुताराचा मुलगा असता तर त्या डागाचें काय झालें असतें, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

येथपर्यंतची हकीकत इंग्रजांच्या घरची होती. परंतु १८५५ पासून याच परीक्षेचा धागा हिंदुस्थानच्या नशिबाशीं गुंफला गेला. कंपनीच्या मुलकी नोकऱ्या शिफारसीऐवजीं स्पर्धापरीक्षेनें द्याव्या असें ठरलें आणि परीक्षेची योजना आंखण्यासाठीं मेकॉलेच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. प्लेटोचा पुढें विख्यात झालेला भाषांतरकार बेंजामिन जोवेट हा तिच्यांत होता. समितीचा अहवाल १८५४ चा. त्यांतील गुणांची वांटणी डोळ्यांखालून घालण्यासारखी आहे. एकूण गुण ६,८७५. त्यांपैकीं ग्रीकला ७५० आणि लॅटिनला ७५०. संस्कृतला ३७५, अरबीला ३७५. जो देश चालवावयाचा त्या देशाच्या विद्येला, जो देश कधींच मेला होता त्याच्या विद्येच्या निम्मे गुण. मेकॉलेचा युक्तिवाद असा कीं, परीक्षा ही तरुणाच्या बुद्धीची आणि सर्वसाधारण शिक्षणाची घ्यावी, धंद्याच्या माहितीची नव्हे. ती माहिती निवड झाल्यावर शिकवितां येते. युक्तिवाद अगदींच टाकाऊ नाहीं. पण त्याचें व्यवहारांत रूप असें झालें कीं, ज्या मुलानें वयाच्या आठव्या वर्षापासून महागड्या शाळेंत ग्रीक-लॅटिन घोटलें, त्याच्यापुढें १,५०० गुणांचें ताट वाढून ठेवलेलें असे. मुंबईचा किंवा कलकत्त्याचा विद्यार्थी तेथवर पोंचण्यासाठीं आधीं समुद्र ओलांडी, कारण परीक्षा लंडनलाच होई.

तरीहि विद्यार्थी गेले. १८६३ सालीं सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले; ते या परीक्षेंतील पहिले हिंदी. १८६९ सालीं एकदम चौघे उत्तीर्ण झाले: बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त व बिहारीलाल गुप्त, आणि मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. यांपैकीं सुरेंद्रनाथ आणि ठाकूर या दोघांचीं नांवें वयाच्या कारणावरून यादींतून कमी करण्यांत आलीं. आपल्याकडे सोळावें वर्ष चालू असलें तरी सोळा वर्षांचा म्हणण्याची रीत. मॅट्रिकच्या अर्जांत लिहिलेलें तसलें वय लंडनच्या अधिकाऱ्यांनीं पुरें झालेलें धरलें आणि दोघांना मर्यादेबाहेर काढलें. दाद मागितल्यावर, आणि ही मोजण्याची रीत सिद्ध झाल्यावर, दोघांना पुन्हा घेण्यांत आलें. होमर आणि व्हर्जिल यांच्या परीक्षेंतून पार पडलेला मनुष्य 'चालू वर्ष' आणि 'पुरें वर्ष' यांच्या फरकावर अडावा, यांतली गंमत त्या दोघांना त्या वेळीं कितपत वाटली असेल कोण जाणे.

वयाची मर्यादा पुढें १९ वर्षांवर आणली गेली तेव्हां हिंदी विद्यार्थ्यांची वाट जवळजवळ बंदच झाली. त्याच अडचणीच्या काळांत एका हिंदी मुलानें ग्रीक-लॅटिनच्या खेळांत इंग्रजांना त्यांच्याच अंगणांत मात दिली. अरविंद घोष सात वर्षांचे असतांना, १८७९ सालीं, इंग्लंडला गेले. मँचेस्टरला त्यांनीं घरींच लॅटिनचा पाया घातला. लंडनच्या सेंट पॉल शाळेंत हेडमास्तर वॉकर यांनीं स्वतः लक्ष घालून त्यांना ग्रीक शिकविलें. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची शास्त्रीय भाषांची शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. १८९० सालच्या सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेंत ते अकरावे आले, आणि त्यांत ग्रीक-लॅटिनमधील गुणांचा वांटा मोठा होता. पुढें घोड्यावर बसण्याच्या परीक्षेस ते गेले नाहींत म्हणून नेमणूक झाली नाहीं. १८९३ सालीं ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरींत आले आणि तेथें संस्कृत शिकूं लागले. मातृभाषा बंगालीहि त्यांना तेथेंच नीट शिकावी लागली. होमर आधीं आणि वाल्मीकि नंतर, असा हा उलटा क्रम त्या परीक्षापद्धतीनें एका मोठ्या बुद्धीवर लादला.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ची. रानडे आणि भांडारकर त्या परीक्षेंतले. पुढें मॅट्रिकच्या विद्यार्थ्यानें एक अभिजात भाषा घ्यावी असें झालें तेव्हां संस्कृत, फारसी आणि लॅटिन यांतून निवड असे. मराठी घरांतील मुलानें संस्कृत घ्यावयाचें हें ठरलेलें, आणि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचा लौकिक असा कीं, ती मिळविणाऱ्याचें नांव गांवभर होई. ग्रीस-रोमची ओळख या मुलांना इतिहासाच्या पुस्तकांतून झाली. ती त्याच्याहि आधीं मराठींतून झाली होती, हें मात्र विसरलें जातें. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचें 'सॉक्रेतिसाचें चरित्र' १८५२ सालचें, म्हणजे विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वीं पांच वर्षें. ज्याला ग्रीकचें एक अक्षर येत नाहीं अशा वाचकाला सॉक्रेटिसाचा विषाचा पेला आणि त्यामागचा विचार मराठींतून कळूं शकतो, हा विश्वास पुण्याच्या शास्त्रीबोवांना होता. इंग्लंडच्या परीक्षा मंडळांना तो येण्यास आणखी शतकाहून अधिक काळ लागला.

पहिल्या महायुद्धानंतर जुनी तटबंदी ढांसळूं लागली. केंब्रिजनें प्रवेशासाठीं ग्रीकची सक्ति १९१९ सालीं उठविली, ऑक्सफर्डनें १९२० सालीं. लॅटिनची सक्ति आणखी चाळीस वर्षें टिकली. ती १९६० सालीं दोन्ही विद्यापीठांनीं काढली आणि शाळांतील लॅटिन शिक्षकांच्या पायांखालची जमीन सरकली. हजारों मुलें व्याकरणाच्या गोडीनें लॅटिन घेत नव्हतीं. ऑक्सफर्डच्या दाराची ती किल्ली होती म्हणून घेत होतीं. किल्लीची गरज संपली तेव्हां विषयाला स्वतःच्या पायांवर उभें राहणें भाग पडलें.

त्याला आधार मिळाला तो भाषांतरांचा, आणि त्यांतला मुख्य मनुष्य मुंबईच्या ओळखीचा निघतो. ई. व्ही. र्‍यू हे तरुणपणीं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचे अधिकारी म्हणून १९१२ सालीं मुंबईस आले. प्रेसची हिंदुस्थानांतील शाखा त्यांनीं सुरू केली, आणि महायुद्धाच्या अखेरीस मराठा पलटणींतहि ते होते. प्रकृतीच्या कारणानें ते परत गेले. दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर बाँब पडत असतां ते रात्रीं पत्नीला ओडिसींतील प्रसंग मूळ ग्रीक पाहून सरळ इंग्रजी गद्यांत सांगत. त्यांतून झालेलें पुस्तक १९४६ सालीं 'पेंग्विन क्लासिक्स' मालेचा पहिला ग्रंथ म्हणून निघालें आणि त्याच्या तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. गद्यांतील होमर हा होमर नव्हे अशी टीका झाली. ती रास्तहि आहे. पण बसगाडीच्या कंडक्टरानें आणि गिरणीच्या कारकुनानें ओडिसियसचा प्रवास पहिल्यांदा केला तो याच पुस्तकावरून.

लॅटिनच्या शिक्षकांनींहि कूस बदलली. केंब्रिजमध्यें १९६६ सालीं शाळांसाठीं एक प्रकल्प सुरू झाला आणि १९७० पासून त्याचीं नवीं पाठ्यपुस्तकें निघालीं. त्यांत पहिल्या पानावर विभक्तींचा तक्ता नाहीं. पाँपेई शहरांतील एक कुटुंब आहे. घरधनी कायकिलियस, त्याची बायको मेतेला, मुलगा क्विंतुस, स्वयंपाकी, नोकर आणि कुत्रा. कायकिलियस हा काल्पनिक नव्हे. लूकियस कायकिलियस यूकुंदुस नांवाचा सावकार पाँपेईत खरोखर होता, आणि १८७५ सालीं त्याच्या घरांत दीडशेंच्या सुमारास हिशेबाच्या मेणपाट्या सांपडल्या. मूल या कुटुंबाबरोबर बाजारांत जातें, नाटकाला जातें, न्यायालयांत जातें, आणि भाषा वाटेंत शिकतें. पहिल्या भागाच्या अखेरीस इसवी सन ७९ चा व्हेसुव्हियसचा स्फोट येतो. केनेडीच्या पुस्तकाचीं मुखपृष्ठें मुलांनीं विद्रूप केलीं. या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मुलें हळहळतात. दोहोंपैकीं कोणत्या मुलाला रूपें अधिक बिनचूक येतात, याविषयीं जुन्या शिक्षकांचें मत ठाम आहे, आणि तें बहुधा बरोबर असावें.

याच सुमारास भाषेवांचून केवळ संस्कृतीची परीक्षा घेण्याचा प्रघात पडला. १९५१ सालीं सुरू झालेल्या ओ लेव्हल आणि ए लेव्हल या परीक्षांत तो विषय 'क्लासिकल सिव्हिलायझेशन' या नांवानें आला आणि स्थिरावला. आज इंग्लंडांत ओ. सी. आर. मंडळ तो घेतें. सोळाव्या वर्षींच्या परीक्षेंत दीड-दीड तासाच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. एकीसाठीं पुराणकथा आणि धर्म, किंवा प्राचीन जगांतील स्त्रिया, यांपैकीं एक विषय. दुसरीसाठीं होमरचें जग, रोमन नगरजीवन किंवा युद्ध. अठराव्या वर्षींच्या परीक्षेंत तीन प्रश्नपत्रिका, आणि त्यांतली 'वीरांचें जग' ही सर्वांना सक्तीची. तिच्यासाठीं 'इलियड' किंवा 'ओडिसी' यांपैकीं एक, आणि व्हर्जिलचें 'ईनिड', हीं भाषांतरांतून वाचावयाचीं असतात. वेळ २ तास २० मिनिटें, गुण १००.

हें ऐकून जुना पदवीधर नाक मुरडील. भाषांतर वाचून परीक्षा, मग कठीण तें काय राहिलें? कठीण राहिलें आहे. होमरचे २४ सर्ग आणि व्हर्जिलचे १२ सर्ग असे डोक्यांत बसले पाहिजेत कीं, कोणताहि उतारा समोर आला तर त्याच्या मागचें आणि पुढचें सांगतां यावें. हेक्टर आणि अँड्रोमाकीचा निरोप सहाव्या सर्गांत आहे, अकिलीसच्या मनधरणीला तिघे जातात तें नवव्यांत, म्हातारा प्रायम मुलाचें प्रेत मागावयास जातो तें शेवटच्या चोविसाव्यांत. तयारी करणारा विद्यार्थी ही साखळी कागदावर मांडतो. मग ग्रीक कल्पना येतात. 'क्लेओस' म्हणजे मेल्यावरहि उरणारी कीर्ति. 'क्सेनिया' म्हणजे अतिथिधर्म. राक्षस पॉलिफीमस तो मोडतो आणि डुकरें राखणारा युमायस पाळतो, एवढ्या एका तुलनेवर ओडिसीविषयीं पानभर लिहितां येतें. आणि व्हर्जिलची 'पिएतास'. देव, वडील, कुळ आणि भावी राष्ट्र यांच्याविषयींच्या कर्तव्याचें ओझें अंगावर घेऊन इनियस डायडोला सोडून जातो. त्याचें चुकलें कीं बरोबर, हा प्रश्न परीक्षक फिरून फिरून विचारतात. त्याला एकच उत्तर नाहीं. सीतात्यागाची चर्चा ज्या घरांतून झाली आहे तेथें हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाहीं.

घोकून येथें भागत नाहीं असें मात्र नव्हे. पुराव्यावांचूनच्या उत्तराला गुण कमी मिळतात, म्हणून हुशार विद्यार्थी प्रत्येक मुख्य पात्रामागें पांचसहा नेमके प्रसंग पाठ ठेवतो, एखाद्या विद्वानाचें मत ध्यानांत ठेवतो आणि त्याच्याशीं आपण सहमत कां आहों किंवा कां नाहीं हें दोन वाक्यांत लिहावयास शिकतो. जो नुसती कथा सांगत सुटतो तो फसतो. कथा परीक्षकाला ठाऊक असते.

भाषांतरवाल्यांची उणी बाजूहि खरी आहे. 'पिएतास' या शब्दाला भाषांतरकारानें एका ठिकाणीं 'भक्ति' म्हटलें आणि दुसऱ्या ठिकाणीं 'कर्तव्य' म्हटलें, तर मूळ न येणाऱ्या विद्यार्थ्याला तो एकच शब्द आहे हें कळावयाचें कसें? पण मूळ भाषेच्या परीक्षेसाठीं शाळेंत व्हर्जिलच्या कांहीं शें ओळींचाच फडशा पडतो, आणि संपूर्ण ईनिड वाचलेला लॅटिनचा विद्यार्थी विरळा. सगळें काव्य भाषांतरांतून वाचणारा आणि तीनशें ओळींचें अन्वय-विग्रह करणारा, या दोघांत पहिल्याला व्हर्जिल अधिक भेटतो. मात्र दुसरा कोणी उरलाच नाहीं, तर पुढचें भाषांतर करावयाचें कोणी?

हा वाद केवळ पंडितांचा राहिलेला नाहीं. त्याच्या मुळाशीं पैसा आहे. ब्रिटिश कौन्सिलच्या एका पाहणीचे आंकडे तेथील सरकारनें २०२१ सालीं पुढें केले. खालच्या माध्यमिक वर्गांत लॅटिन शिकविणाऱ्या शाळांचें प्रमाण सरकारी शाळांत २.७ टक्के, आणि फी घेणाऱ्या खाजगी शाळांत ४९ टक्के. लॉर्ड एल्डनच्या निकालानंतर दोनशें वर्षांनीं चित्र असें उलटें झालें: तेव्हां व्यापाऱ्यांच्या मुलांवर लॅटिन लादलें जात होतें, आतां मजुरांच्या मुलांना तें हवें असलें तरी मिळत नाहीं. २००७ सालीं ओ. सी. आर. मंडळानें प्राचीन इतिहासाची ए लेव्हल परीक्षाच बंद करण्याचें ठरविलें, तेव्हां शिक्षक, विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनीं इतका गलबला केला कीं मंडळाला माघार घ्यावी लागली. २०१७ पासून एडिथ हॉल आणि आर्लीन होम्स-हेंडरसन या विदुषींनीं सरकारी शाळांत संस्कृतीचा विषय सुरू व्हावा यासाठीं मोहीम चालविली. त्यांचा मुद्दा साधा होता. लॅटिनचा शिक्षक मिळत नसेल तर न मिळो. इंग्रजीचा किंवा इतिहासाचा चांगला शिक्षक हा विषय शिकवूं शकतो, आणि भाषांतराचें पुस्तक स्वस्त असतें.

सरकारनेंहि २०२१ सालीं चाळीस लाख पौंडांची लॅटिनसाठींची योजना जाहीर केली होती, आणि चाळीस सरकारी शाळांत ती पोंचावयाची होती. सरकार बदललें आणि २०२५ च्या फेब्रुवारींत, म्हणजे शाळेचें वर्ष अर्धें सरलें असतांना, तिचा पैसा थांबविण्यांत आला. ज्या मुलांनीं परीक्षेसाठीं विषय निवडला होता तीं मध्येंच अडकलीं. खाजगी शाळांतल्या मुलांचे तास अर्थातच चालू राहिले.

संस्कृतीची परीक्षा मात्र दर उन्हाळ्यांत होते. 'इलियड' घेतलेल्या विद्यार्थ्यापुढें कधीं सहावा सर्ग येतो: युद्धावर निघालेला हेक्टर, तान्हें मूल बापाच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून दाईच्या कुशींत तोंड लपवितें, बाप हंसून शिरस्त्राण जमिनीवर ठेवतो आणि मुलाला उचलून घेतो. उताऱ्याखालीं प्रश्न असतात. ते संपवून निबंधाकडे वळावयाचें असतें. त्याला ३० गुण असतात, आणि बहुतेकांना वेळ कमी पडतो तो तेथेंच.